चाबूक, दंड आणि गाडीवान

१८३२ सालच्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात दंगल झाली. तिचे कारण होते रस्त्यावरची कुत्री. उन्हाळ्याच्या ठरावीक काळात बेवारशी कुत्री मारून टाकण्याचा नियम कंपनी सरकारने १८१३ पासून चालवला होता. १८३२ साली ती मुदत वाढवण्यात आली. मारलेल्या कुत्र्यामागे शिपायाला बक्षिसी मिळत असे. बक्षिसीच्या आशेने शिपाई लोकांच्या दारातून, ओट्यावरून पाळीव कुत्रीही ओढून नेतात, अशी रहिवाशांची तक्रार होती. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. मृत देहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा 'सगदीद' हा त्यांच्या अंत्यविधीचाच भाग. ६ जूनला चिडलेल्या पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनीही साथ दिली, दुकाने बंद राहिली, कोटातल्या गोऱ्या फौजेची रसद अडवली गेली. शेवटी लष्कर बोलवावे लागले आणि धरपकड झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला.

या प्रसंगाला ४२ वर्षे झाली आणि त्याच मुंबईत १८७४ साली प्राण्यांना क्रूरपणे वागवणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून मंडळी स्थापन झाली. आता तिच्या कामाला सरकारचा पाठिंबा होता आणि शहरातले धनिक तिचे आश्रयदाते होते. १८३२ साली जनावराला मारणारा सरकारचा शिपाई होता. १८७४ नंतर पकडला जाऊ लागला तो गाडीवान.

जनावरांचे हाल करणाऱ्यांना कडक शिक्षा झाली पाहिजे, असे आज आपण सगळेच म्हणतो. कुठे कुणी कुत्र्याला जाळले, कुठे बैलाला मरेस्तोवर मारले, अशी बातमी आली की संताप उसळतो आणि तो खराही असतो. परंतु या संतापाचा इतिहास पाहू गेल्यास एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. शिक्षा नेमकी कोणाला? आणि ती ठरवणारे कोण? या लेखात त्या प्रश्नाचा गेल्या दोनशे वर्षांतला माग काढण्याचा प्रयत्न केला आहे.

दहा शिलिंगांचा कायदा

आपल्याकडच्या कायद्याचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. आयर्लंडमधून निवडून आलेले पार्लमेंटचे सभासद रिचर्ड मार्टिन यांनी १८२२ साली गुरे आणि घोडे यांना निर्दयपणे वागवणाऱ्यांविरुद्ध कायदा मंजूर करून घेतला. दंड कमीत कमी १० शिलिंग, जास्तीत जास्त ५ पौंड. तो न भरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. त्या काळी इंग्लंडातल्या शेतमजुराची आठवड्याची मजुरी साधारण दहा शिलिंगांच्या घरात होती. म्हणजे किमान दंड एका आठवड्याच्या कमाईएवढा. दोन वर्षांनी, १८२४ मध्ये, लंडनमध्ये प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था निघाली. पुढे व्हिक्टोरिया राणीने तिला 'रॉयल' हे बिरुद दिले.

इंग्लंडात कोणत्या खेळावर केव्हा बंदी आली, तो क्रम पाहण्यासारखा आहे. बैलावर कुत्री सोडण्याचा आणि कोंबडे झुंजवण्याचा खेळ, म्हणजे मुख्यतः कष्टकऱ्यांची करमणूक, १८३५ मध्ये बेकायदेशीर ठरली. घोड्यावर बसून कुत्र्यांच्या टोळीनिशी कोल्ह्याचा पाठलाग करणे हा उमरावांचा खेळ. त्यावर इंग्लंडात कायदा झाला २००४ साली. दोन्हींत १६९ वर्षांचे अंतर आहे. कोल्ह्याला कमी वेदना होत होत्या, असे कोणी म्हणणार नाही.

हिंदुस्थानात कलकत्त्याची संस्था १८६१ मध्ये सुरू झाली, मुंबईची १८७४ मध्ये. १८९० साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी प्राणिक्रौर्य प्रतिबंधाचा अकरावा कायदा आला. रस्त्यावर किंवा लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी जनावराला विनाकारण क्रूरपणे मारणे, प्रमाणाबाहेर पळवणे, जास्त ओझे लादणे यासाठी १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायद्याचा बराचसा भाग सरकार अधिसूचना काढील त्या भागांपुरताच लागू होता. 'प्राणी' म्हणजे पाळीव किंवा पकडून ठेवलेला प्राणी. त्यामुळे साहेबाने भाल्याने मारलेले रानडुक्कर आणि हत्तीवरून टिपलेला वाघ या व्याख्येबाहेर राहिले.

'रस्त्यावर किंवा लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तबेल्याच्या दाराआड जे होते त्याला हे कलम पोहोचत नव्हते. भर रस्त्यात चढावर अडलेल्या बैलाच्या पाठीवर चाबूक ओढणारा गाडीवान मात्र सगळ्यांना दिसत होता. बैल दुबळा का, गाडीत दहा पोती जास्त कोणी घातली, माल वखारीत संध्याकाळच्या आत पोचलाच पाहिजे असे कोणी बजावले, हे रस्त्यावर दिसत नाही.

याच्या तीस वर्षे आधी, १८६० च्या दंडसंहितेत, जनावराबाबत दोन कलमे होतीच. ४२८ आणि ४२९. दहा रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचे जनावर मारल्यास वा निकामी केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांच्या बाबतीत किंमत काहीही असो, पाच वर्षांपर्यंत. ही शिक्षा मोठी वाटते. पण ही कलमे संहितेत होती 'आगळीक' या प्रकरणात, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस करण्याच्या गुन्ह्यांत. तिथे दुखावला जाणारा होता मालक. जनावराची वेदना मोजण्याचे ते कलम नव्हते.

गावात पोचलेला कायदा

शहरात ही चर्चा चालू असताना खेड्यातल्या शेतकऱ्याला जनावरांचा कोणता कायदा ठाऊक होता? त्याला ठाऊक होता कोंडवाडा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने दुसऱ्याच्या शेतात किंवा सरकारी जागेत शिरलेले गुरू कोंडवाड्यात घालायचे आणि मालकाने दंड भरून सोडवून आणायचे. न सोडवल्यास लिलाव. त्याच सुमारास जंगल खात्याने गायराने आणि राने बंद करायला सुरुवात केली. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये चराऊ राने गेल्याने शेतकऱ्याच्या गुरांची काय दशा झाली, याची तक्रार आहे. पुस्तकाच्या नावातला असूड हा बैल हाकणाऱ्याच्या हातातला असूड आहे. फुल्यांनी तो उचलला तो ज्यांनी शेतकरी आणि त्याचा बैल या दोघांनाही उपाशी ठेवले त्यांच्यावर.

म्हणजे एकाच काळात एकच सरकार दोन कामे करत होते. रानात चारा बंद करत होते आणि शहरात हाडे निघालेला बैल जुंपला म्हणून गाडीवानाला दंड करत होते. संस्थेच्या पुढाऱ्यांची कळकळ खोटी होती, असे मला म्हणायचे नाही. मुंबईत दिनशा माणेकजी पेटिट यांनी १८८३ मध्ये परळला आपल्या पत्नीच्या नावाने, बाई साकरबाई यांच्या नावाने, जनावरांचा दवाखाना उभारला. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मस्जिद बंदराजवळच्या भातबाजारात १८७६ साली केशवजी नायक यांनी बांधलेली प्याऊ आजही उभी आहे. तिथे माणसांबरोबर जनावरांच्याही पाण्याची सोय होती. माझ्या मते त्या काळच्या दयाभावाची ही अधिक टिकाऊ खूण. शंभर दंडाच्या पावत्यांनी जे साधत नाही ते बंदराच्या वाटेवरच्या एका हौदाने साधते. बैल पाणी पितो आणि गाडीवानाला थांबायला निमित्त मिळते.

येथे थोडे घरचे सांगतो. माझे आजोबा भाड्याने गाडी हाकत. त्यांच्या पराणीला पुढे लोखंडी आर होती आणि ती बैलाच्या पुठ्ठ्यात टोचलेली मी लहानपणी पाहिली आहे. बेंदराच्या आदल्या दिवशी तेच आजोबा बैलाच्या जुवाने सोललेल्या खांद्याला हळद-तूप चोळत बसत. खांदेमळणी म्हणजे नुसता विधी नसून वर्षभराची माफी असते, असे ते म्हणत. आजच्या कायद्याप्रमाणे ते गुन्हेगार होते. ते क्रूर होते का, याचे उत्तर मला पन्नाशी उलटली तरी सरळ देता येत नाही. एवढे मात्र आठवते की भाडे ठरवणारा व्यापारी कधी पराणीला हात लावत नसे.

दुपारी बारा ते तीन

शिक्षेचे ओझे कोणावर पडते, हे सर्वांत स्पष्ट दिसले ते कलकत्त्यात. उन्हाळ्यात भर दुपारी, बारा ते तीन, रेड्यांच्या गाड्या चालवू नयेत, असा हुकूम तिथे निघाला. जनावराच्या दृष्टीने हुकूम योग्यच होता. रेड्याच्या अंगाला घाम फार कमी येतो. उन्हात ओझे ओढताना तो कोसळतो, हे गावातले पोरही सांगेल. परंतु गाडीवानाची मजुरी खेपेवर होती. तीन तास गेले तर खेप गेली, खेप गेली तर त्या दिवसाची भाकरी गेली. ती भरपाई ना व्यापारी देणार होता ना सरकार. त्यातच पोलीस आणि संस्थेचे लोक छळतात, ही जुनी तक्रार होती. १ एप्रिल १९३० रोजी गाडीवानांनी संप केला, रस्त्यांवर गाड्या आडव्या लावून शहराची वाहतूक रोखली. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली.

रेड्यांच्या दयेसाठी काढलेल्या हुकमापायी माणसे मेली. हे वाचल्यावर हुकूम चुकीचा होता, असे म्हणण्याचा मोह होतो. मी तो टाळतो, कारण स्वतंत्र भारतानेही तोच नियम केला. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने जे नियम केले त्यांत, जिथे तापमान ३७ अंशांवर जाते तिथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपू नये आणि दिवसातून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असे म्हटले आहे. चूक नियमात नव्हती. त्या तीन तासांची किंमत एकट्या गाडीवानाने चुकवायची, हे जे गृहीत धरले गेले ते चूक होते.

फुंक्याला वेगळा न्याय

जनमत कसे चालते याचे आणखी एक उदाहरण म्हणजे 'फुंका'. वासरू नसलेल्या गाई-म्हशीला पान्हा फुटावा म्हणून तिच्या योनीत हवा फुंकण्याची ही रीत शहरी गोठ्यांत चालत असे. गांधीजींनी दूध न घेण्याचे व्रत घेतले, त्यामागे हे क्रौर्य ऐकल्याचे एक कारण त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. पुढे आजारपणात त्यांनी शेळीचे दूध घेतले, कारण व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती. अशी तडजोड केल्याची टोचणीही त्यांनी लपवली नाही.

१९६० च्या कायद्यात फुंक्यासाठी स्वतंत्र कलम आहे. १,००० रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा. १९८२ च्या दुरुस्तीने दूध वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या घातक इंजेक्शनचाही त्यात समावेश झाला. जनावराला काठीने बेदम मारण्याच्या पहिल्या गुन्ह्याला मात्र त्याच कायद्यात फक्त ५० रुपयांपर्यंत दंड आहे. हा फरक का? माझा तर्क असा की दूध शहरवासीयांच्या घरात येत होते. फुंक्याचे नाव ऐकताच स्वतःच्या हातातल्या पेल्याची किळस येत होती. चाबकाचा वळ बैलाच्या पाठीवरच राहत होता.

पन्नास रुपयांचे काय झाले?

१९६० च्या कायद्याची कथा थोडक्यात अशी. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि त्यांनी प्राणिक्रौर्य प्रतिबंधाचे खासगी विधेयक मांडले. पंडित नेहरूंनी सरकार स्वतः या विषयात लक्ष घालील असे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. समिती नेमली गेली आणि १९६० साली सरकारी कायदा झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा.

या कायद्याच्या ११ व्या कलमात जनावराला मारणे, जास्त ओझे लादणे, उपाशी ठेवणे, दुखापत झालेले जनावर कामाला लावणे अशी लांबलचक यादी आहे. पहिल्या गुन्ह्याला ५० रुपयांपर्यंत दंड आणि कैद नाही. तीन वर्षांच्या आत पुन्हा केल्यास १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. १८९० च्या मूळ कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला १०० रुपये आणि तीन महिन्यांची कैद होऊ शकत होती. म्हणजे स्वराज्यात शिक्षा वाढली नाही, उलट उतरली. १९८२ मध्ये किमान दंडाची अट घातली गेली, पहिल्या गुन्ह्याला १० रुपये. वरची मर्यादा तशीच राहिली. शिवाय यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आणि खटला गुन्ह्यापासून तीन महिन्यांच्या आत भरायचा.

'पन्नास रुपये!' असे म्हणून आज सगळे हसतात. १९६० साली मात्र कोणी हसले नसते. त्या काळी शेतमजुराचा दिवसाचा रोज रुपया-दीड रुपयाच्या आसपास होता. पन्नास रुपये म्हणजे महिन्याहून अधिक कष्टांची कमाई. मार्टिनच्या दहा शिलिंगांपेक्षा तो दंड कडकच होता. तो आज चेष्टेचा विषय झाला याचे कारण महागाई वाढली आणि आकडा तिथेच राहिला. साठ वर्षांत त्याला कोणी हात लावला नाही, यावरून आपली खरी आस्था कळते. संताप बातमीपुरता असतो. कायद्यातला आकडा बदलायला चिकाटी लागते.

या कलमातली आणखी एक गोष्ट सहसा चर्चेत येत नाही. मालकाने वाजवी काळजी आणि देखरेख ठेवली नाही तर तोही दोषी धरला जाईल, असे कायदा म्हणतो. हे चांगलेच. पण लगेच सवलतही देतो. केवळ देखरेखीत कसूर म्हणून दोषी ठरलेल्या मालकाला दंडाचा पर्याय दिल्याखेरीज कैद देता येणार नाही. ज्याने माल लादायला लावला, भाडे ठरवले आणि नफा घेतला, त्या व्यापाऱ्याचा तर या रचनेत उल्लेखही नाही.

शर्यतीचा धडा

महाराष्ट्रात या विषयावरचे जनमत उघडपणे रस्त्यावर आले ते बैलगाडा शर्यतीमुळे. २०११ मध्ये केंद्राने प्रदर्शन आणि खेळांसाठी वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बेकायदेशीर ठरवल्या. २०१७ साली राज्याने कायदा दुरुस्त केला. तो न्यायालयात अडला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

या वादात बैलमालक शिक्षेच्याच विरोधात होते, असे शहरात मानले गेले. वस्तुस्थिती अशी की शर्यतीत बैलाला इजा पोचवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, ही तरतूद राज्याच्या त्याच दुरुस्तीत आहे आणि बैलमालकांनी ती मान्य केली. शर्यतीतल्या बैलाला ५ लाख आणि उसाच्या गाडीला जुंपलेल्या बैलाला ५० रुपये! बैल तोच, कातडे तेच. शर्यतीच्या बैलामागे मान होता, गावोगावची मते होती. ऊसतोडीच्या बैलामागे मुकादमाची उचल आहे आणि टनावर मोजली जाणारी मजुरी आहे. रात्रीच्या थंडीत कारखान्याच्या काट्यापुढे तासन् तास रांगेत उभ्या असलेल्या टायरगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना गाडीतले ओझे कमी करायचे तर कोणाशी बोलले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा आराखडा लोकांसमोर ठेवला. त्यात अघोरी क्रौर्याला काही वर्षांची कैद आणि हजारोंचा दंड सुचवला होता. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात कोणतेही जनावर मारण्याला किंवा निकामी करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि जनावराच्या किमतीची जुनी अट गेली आहे. दहा रुपयांचा कुत्रा आणि वाटेल त्या किमतीचा घोडा हा हिशेब संपायला १६४ वर्षे लागली. हा बदल मोठा आहे आणि स्वागतार्ह आहे. मौजेखातर किंवा द्वेषाने मुक्या जिवाला छळणाऱ्याला पाच वर्षे मिळाली तर मला त्याची कीव येणार नाही.

मात्र पोटासाठी जनावर हाकणाऱ्याला त्याच तराजूत घालताना थांबावे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या बाबतीत एक जुनी तरतूद आहे. लहान जनावराला काठीने दुखवले तर एक-दोन पण दंड, रक्त काढले तर दुप्पट. मोठ्या जनावराच्या बाबतीत त्याच्या दुप्पट, आणि शिवाय ते बरे होऊन उभे राहीपर्यंतचा खर्च. या खर्चाला तिथे 'समुत्थानव्यय' म्हटले आहे. दंड राजाच्या खजिन्यात जातो. समुत्थानव्यय जनावराच्या अंगी लागतो. आपल्या आधुनिक कायद्यांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा जवळजवळ विसरले.

तो दुसरा भाग परत आणायचा तर खर्च कोणाकडून घ्यायचा, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. माझे उत्तर आहे, ज्याच्या मालासाठी जनावर राबले त्याच्याकडून आधी. काट्यावर वजन होतेच. ज्या गाडीत ठरल्याहून जास्त ऊस आढळेल, तिचा दंड गाडीवानाच्या उचलीतून न कापता कारखान्याच्या खात्यावर टाकला, तर गाड्या कशा हलक्या होतात ते एका हंगामात दिसेल. आजोबांच्या पराणीची आर तेव्हाही बोथट झाली असती, जर भाडे ठरवणाऱ्याला तिची टोच थोडी तरी लागली असती.